प्रिलिमनंतरची शिकवणी

जानेवारी संपत येतो, प्रिलिमचे पेपर हातात पडतात आणि दहावीचं पोर असलेल्या घरांतून फोन सुरू होतात. ‘तू इंजिनिअरिंगला आहेस ना, आमच्या सईचं गणित जरा बघशील का?’ ‘सर, आता तुम्ही रिटायर झालात, संध्याकाळी तासभर येता येईल?’ अशा वेळी नाही म्हणवत नाही. मग मावसभाऊ, शेजारची काकू, निवृत्त मास्तर, बीएड करणारी ताई असं कुणीतरी वही-पेन घेऊन जाऊन बसतं. बोर्डाची लेखी परीक्षा हल्ली फेब्रुवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुरू होते. म्हणजे हातात तीन आठवडे, फार तर चार. हा लेख या ऐनवेळी शिकवायला बसणाऱ्यांसाठी आहे. पालकांनी वाचला तर उत्तमच, शिकवणी चालू असताना त्यांना स्वयंपाकघरात का पाठवलं जातं ते तरी कळेल.

पहिल्या दिवशी काहीही शिकवू नका. पुस्तक उघडून ‘चला, पहिल्या धड्यापासून घेऊ’ म्हणणारा शिकवणारा चौथ्या धड्यापर्यंत पोचतो आणि परीक्षा येते. त्याऐवजी प्रिलिमच्या उत्तरपत्रिका मागून घ्या, सगळ्या विषयांच्या. मुलाला शेजारी बसवा आणि गेलेला एकेक गुण कुठे गेला ते त्यालाच सांगायला लावा. गुण जायच्या तीन वाटा असतात. एक, ते येतच नव्हतं. दोन, वाचलेलं होतं पण ऐनवेळी आठवलं नाही, किंवा आठवलं तरी मांडता आलं नाही. तीन, येत होतं पण हातून गेलं: चिन्ह चुकलं, एकक लिहायचं राहिलं, ‘कोणतेही दोन’ असताना तिन्ही सोडवत बसला, शेवटच्या प्रश्नापर्यंत पोचलाच नाही. समासात तीन वेगळ्या खुणा करा आणि शेवटी बेरीज घ्या. ‘त्याला काहीच येत नाही हो’ असं आई फोनवर सांगते, पण उत्तरपत्रिका सहसा तसं सांगत नाही. तिसऱ्या वाटेने गेलेले गुण तीन आठवड्यांत बरेचसे परत मिळतात, दुसऱ्या वाटेचे निम्मे-अर्धे. पहिल्या वाटेच्या गुणांमागे किती धावायचं, हे मात्र हिशेब करून ठरवावं लागतं.

तो हिशेब करायचा तर पेपरचा आराखडा पाठ हवा. मुलाला नसला तर निदान तुम्हाला हवा. बीजगणिताचा पेपर ४० गुणांचा. पहिला प्रश्न एकेका गुणाचा: चार बहुपर्यायी आणि चार छोटी उदाहरणं. दुसरा दोन-दोन गुणांचा, १२ गुणांसाठी. म्हणजे निम्मा पेपर, पुरे २० गुण, एक आणि दोन गुणांच्या प्रश्नांत संपतो. त्यात पुन्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नातल्या ‘कृती’ मिळून ७ गुणांच्या असतात. त्यांत उदाहरण जवळजवळ सोडवून दिलेलं असतं, फक्त रिकाम्या चौकटी भरायच्या. तरीही शिकवणारे कुठे वेळ घालवतात? चौथ्या प्रश्नातल्या चार गुणांच्या शाब्दिक उदाहरणांवर, कारण ती शिकवायला मजा येते. नाव, बोट, प्रवाहाचा वेग, फळ्यावर समीकरण मांडलं की शिकवल्याचं समाधान मिळतं. ज्या मुलाला प्रिलिमला ४० पैकी ११ पडले आहेत, त्याला त्या समाधानाचा काडीचा उपयोग नाही. गणिताचे दोन्ही भाग आणि अंतर्गत २० गुण मिळून विषय शंभराचा होतो आणि उत्तीर्ण व्हायला ३५ लागतात. अशा मुलाकडून पहिले दोन प्रश्न आणि सगळ्या कृती रोज लिहून घ्या, बाकीचं नंतर बघू. नव्वदीच्या वर जाऊ पाहणाऱ्या मुलीचं गणित उलटं आहे, तिचे गुण चौथ्या-पाचव्या प्रश्नातच अडकलेले असतात. दोघांना एकाच बॅचमध्ये बसवून एकच ‘रिव्हिजन’ देणाऱ्या क्लासबद्दल म्हणूनच मला फार आदर नाही.

आता तिसऱ्या वाटेचं एक उदाहरण जवळून बघू. ३क्ष – २य = ३ आणि २क्ष + य = १६, क्रेमरच्या पद्धतीने सोडवा. मुलगा निश्चयक काढतो: ३ गुणिले १ म्हणजे ३, २ गुणिले २ म्हणजे ४, तीनातून चार गेले, उणे एक. वजा दोनचं चिन्ह वाटेत गळलं. क्षचा निश्चयक काढताना तेच पुन्हा गळतं आणि उणे २९ येतात. शेवटी क्ष = २९, य = –४२. खरं उत्तर क्ष = ५, य = ६. इथे आपल्या तोंडून आपसूक निघतं, ‘अरे, मायनस मायनस प्लस!’ मुलगा मान हलवतो, खोडतो, आपण पुढच्या उदाहरणाकडे वळतो आणि दुसऱ्या दिवशी तीच चूक पुन्हा होते. त्याऐवजी गप्प बसा आणि म्हणा, ‘तुझं उत्तर समीकरणांत घालून बघ.’ गंमत अशी, की दुसऱ्या समीकरणात घातलं तर ते बरोबर बसतं: ५८ वजा ४२, बरोबर १६. मुलाचा चेहरा खुलतो. ‘आता पहिल्यात घाल.’ ८७ अधिक ८४, म्हणजे १७१. यायला हवे होते ३. आता चूक कुठे आहे हे तो स्वतः शोधायला लागतो आणि तिथवर तुम्ही एक शब्दही शिकवलेला नसतो. ताळा करायचा तर दोन्ही समीकरणांत, हे त्याच्या डोक्यात आता कायमचं बसतं. क्ष आणि य यांच्या आधीचा आकडा चिन्हासकट कंसात लिहायची सवय त्याच बैठकीत लावून टाका. पुढचे चार दिवस रोज असं एक उदाहरण दिलं तरी पुरे.

शेवटच्या दिवसांतली शिकवणी बहुतेक अशीच असावी: बोलणं कमी, लिहून घेणं जास्त. मुलं अभ्यास म्हणजे वाचणं समजतात. गाइड उघडायचं, रंगीत पेनाने ओळी अधोरेखित करायच्या, पुन्हा वाचायचं. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं असा समज होतो. रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत बोलका आहे. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्यांनी तो वाचून बाजूला ठेवला आणि आठवेल तेवढा कागदावर उतरवला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर घेतली तेव्हा न बघता लिहिणारे पुढे गेले. आणि आपल्याला चांगलं लक्षात राहील असं जास्त वाटत होतं ते वाचणाऱ्यांनाच.

यातला पहिला अर्धा भागही टाकून देण्यासारखा नाही. पाच मिनिटांसाठी वाचन चालतं. म्हणून परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी आणि सकाळी इतिहासातली ग्रंथांची नावं, विज्ञानातली सूत्रं, व्याकरणाचे नियम यांवरून नजर जरूर फिरवावी. तीन आठवडे मात्र तेवढंच करत राहिलं तर हाती काही लागत नाही. माझी रोजची बैठक साधी असते. सुरुवातीला कालचं, पुस्तक बंद ठेवून, कागदावर. मग आजचा एक छोटा भाग, त्यावर लगेच बोर्डाच्या धर्तीचे दोन-तीन प्रश्न, घड्याळ लावून. शेवटी तपासणी, आणि तीही मुलाच्याच हातून, आदर्श उत्तर समोर ठेवून. पाऊण तासाहून लांब बैठक कुणालाच झेपत नाही, शिकवणाऱ्यालाही नाही. बोर्डाच्या संकेतस्थळावर आधीच्या प्रश्नपत्रिका मिळतात आणि बालभारतीची पाठ्यपुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. तेव्हा जाडजूड अपेक्षित प्रश्नसंचांची चळत विकत आणायची गरज नाही. घरात आधीच एखादा असेल तर त्यातली उत्तरं झाकून प्रश्न वापरा.

मराठीकडे सगळे दुर्लक्ष करतात. ‘मातृभाषाच ती, होईल.’ कुमारभारतीच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत भाषाभ्यास १६ गुणांचा आणि उपयोजित लेखन २४ गुणांचं असतं. म्हणजे निम्मे गुण धडे-कवितांच्या बाहेरचे. समास, वृत्त, अलंकार, वाक्प्रचार, लेखननियम, मग पत्र, सारांश, जाहिरात, बातमी, कथा, प्रसंगलेखन. हे आठ-दहा बैठकांत खरंच सुधारतं. पत्राचा आराखडा चुकला, दिनांक राहिला, विषय राहिला की चांगल्या मजकुराचेही गुण कापले जातात. जाहिरातीत मुलं अख्खा निबंध लिहितात. एक दिवस वर्तमानपत्र समोर ठेवून पाच जाहिराती वाचायला लावा आणि त्यांत क्रियापदं किती कमी असतात ते मोजायला सांगा. पुढची जाहिरात मुलं आपोआप आटोपशीर लिहितात. निबंध मात्र पाठ करून घेऊ नका. ‘मी नदी बोलतेय’ पाठ केलेल्या मुलाला ‘मी झाड बोलतोय’ आलं की तो झाडाला समुद्राला मिळायला लावतो.

भूगोलात भारत आणि ब्राझील शेजारी शेजारी ठेवलेले आहेत. मुलं ॲमेझॉनच्या खोऱ्यावर परिच्छेद लिहितात, पण कोऱ्या नकाशात मॅनॉस दाखव म्हटलं की पेन्सिल रिओच्या आसपास घुटमळते. नकाशे आणि आलेख मिळून ४० पैकी १४ गुणांचे असतात, आणि त्यांना पाठांतर लागत नाही, हात लागतो. दोन्ही देशांच्या कोऱ्या नकाशांच्या झेरॉक्स काढून आणा, दहा-दहा. रोज प्रत्येकी पाच नावं: मराजो बेट, पंतानल, पिको दी नेब्लीना, सावो फ्रान्सिस्को नदी, इकडे इंदिरा पॉइंट, अरवली, छोटा नागपूर. ठिपका, चिन्ह आणि बाजूला सूची. सूची न करणारी मुलं शेकड्याने असतात आणि त्यांना प्रत्येक वेळी वाटतं की नकाशा तर बरोबर होता.

विज्ञानात एखादा धडा सोडला तर चालेल का, हे मुलं दबक्या आवाजात विचारतात. चालतं. दोन्ही भागांत तिसरा प्रश्न आठांपैकी पाच सोडवायचा असतो, १५ गुणांसाठी. एवढी मुभा असताना काठावरच्या मुलाने सगळं धरून बसू नये. मात्र काय सोडायचं ते तुम्ही ठरवा, त्याच्यावर सोडू नका. तो नेमकं गुरुत्वाकर्षण किंवा भिंगं सोडतो, कारण त्यात उदाहरणं आहेत. खरं तर किरणाकृती एकदा हातात बसली की वर्षभर पाठ केलेल्या कारणांपेक्षा जास्त गुण देते. कार्बनी संयुगांचा धडा लांबलचक आहे. तो पूर्ण न करता त्यातल्या संरचना आणि तक्ते घ्या. अवकाश मोहिमांचा छोटा धडा शेवटच्या दिवशी वाचून काढता येतो.

शाळेतल्या बाईंनी शिकवलेली रीत या तीन आठवड्यांत बदलू नका. तुम्हाला वर्गसमीकरण सोडवायची झटपट युक्ती येत असेलही, पण मुलाच्या हाताला अवयव पाडायची सवय असेल तर तीच राहू द्या. दुसरी गोष्ट माध्यमाची. मराठी माध्यमाच्या मुलीला निश्चयक, श्रेढी, समरूपता, अपवर्तन हे शब्द माहीत असतात आणि कॉलेजातला दादा डिटरमिनंट, प्रोग्रेशन, सिमिलॅरिटी, रिफ्रॅक्शन म्हणत सुटतो. ती हो-हो करते आणि तिला काही कळलेलं नसतं. सेमी-इंग्रजीच्या मुलाची अडचण याच्या उलट. बसायच्या आधी त्यांचं पुस्तक एकदा चाळून शब्द बघून घ्या.

पहिल्या दहा दिवसांनंतर पूर्ण पेपर लिहून घ्यायला सुरुवात करा, आणि तोही सकाळी अकरा वाजता, सुट्टीच्या दिवशी. बोर्डाची वेळ तीच आहे. ४० गुणांना दोन तास, म्हणजे गुणामागे तीन मिनिटं. भाषांच्या ८० गुणांना तीन तास, म्हणजे गुणामागे सव्वादोन. २०२३ पासून शेवटी दहा मिनिटं जादा मिळतात. ती उरलेल्या प्रश्नासाठी नाहीत, प्रश्नांचे क्रमांक आणि पुरवण्या तपासायला आहेत असं समजूनच सराव करा. दोन गुणांच्या प्रश्नावर बारा मिनिटं गेली तर पेन उचलून पुढे जायची सवय घरीच लागते.

आता क्रॅश कोर्सबद्दल. ‘१५ दिवसांत ९०+’ अशी पाटी दिसली की पालक पाकीट काढतात. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत गुणांची किंवा क्रमांकाची हमी देऊ नये, सोळा वर्षांखालच्या विद्यार्थ्याला प्रवेश देऊ नये, दिवसाला पाच तासांहून जास्त शिकवू नये, विद्यार्थ्याने मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असं म्हटलं आहे. अंमलबजावणी राज्यांवर सोडलेली आहे. तरी फी भरण्याआधी पावती मागा आणि परताव्याचं लेखी विचारा. उत्तरावरून क्लासची पारख होते. दहावीच्या मुलाला फेब्रुवारीत शाळा, क्लास आणि तुम्ही असे तीन शिकवणारे असतील तर त्यातला एक कमी करा, आणि तो एक तुम्ही असलात तरी वाईट वाटून घेऊ नका. परीक्षेच्या काळात मोबाइलवर ‘उद्याचा पेपर’ म्हणून फिरणाऱ्या फोटोंबद्दल मुलांशी आधीच बोला. बहुतेक फोटो थापा असतात आणि उरलेल्यांच्या नादी लागणं हा १९८२ च्या परीक्षा गैरप्रकार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. रात्री एक वाजता तो फोटो सोडवत बसलेल्या मुलाची झोप गेली, हे नुकसान वर.

झोपेवर तडजोड करू नका. दिवसा शिकलेलं झोपेत पक्कं होतं. रात्रभर जागून केलेला भूगोल अकरा वाजता डोळ्यांवर झापड घेऊन येतो. पालक बैठकीत बसले की मूल तुमच्याकडे न बघता त्यांच्याकडे बघत उत्तर देतं, म्हणून त्यांना बाहेर थांबायला सांगा. चुलतभावाचे मार्क आणि ‘आम्ही एवढा खर्च केला’ ही दोन वाक्यं त्यांनी महिनाभर उच्चारू नयेत, असं शांतपणे कबूल करून घ्या. एखादं मूल जेवत नसेल, रडत असेल, ‘मला नाही जमणार’ पलीकडचं काही बोलत असेल, तर गणित बंद करा. टेली-मानसची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं. बोर्डही दरवर्षी परीक्षेच्या काळात समुपदेशक नेमतं. एक-दोन विषय राहिले तर जून-जुलैच्या सुमारास पुरवणी परीक्षा असते आणि एटीकेटीने अकरावीला प्रवेशही मिळतो. ही माहिती मुलाला आधीच, सहज बोलता बोलता देऊन ठेवावी. रडू फुटल्यावर सांगितली की ती खोटी वाटते.

परीक्षाकेंद्र दुसऱ्या गावात असेल तर एसटीची वेळ आणि रस्ता आधी एकदा बघून या. केंद्रावर साडेदहाला पोचायचं असतं. हॉल तिकीट, दोन पेनं, पेन्सिल, कंपास पेटी रात्रीच पारदर्शक पिशवीत ठेवा. भूमितीच्या दिवशी कर्कटकाचा स्क्रू घट्ट आहे का ते बघा.

मग पेपरांमधले दिवस. बीजगणित देऊन मूल घरी आलं की सगळे प्रश्नपत्रिका मागतात आणि जेवणाच्या ताटावर उत्तरं जुळवायला लागतात. ती प्रश्नपत्रिका घ्या आणि कपाटात ठेवून द्या. मुलाला जेवू द्या, तासभर झोपू द्या. पाच वाजता जाऊन बसा आणि भूमितीची वही काढायला सांगा. आधी भौमितिक रचना: वर्तुळाला बाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका, मग समरूप त्रिकोण. त्या झाल्या की वर्तुळाची प्रमेयं, न बघता, आकृतीसकट.